कुलुपातील नोंदींचा शोध



महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेस एकदाही गेला नाही, असा माणूस या सभेत क्वचितच असेल. एकाच डोंगराच्या आसऱ्याने महादेवाचे भक्त आणि दर्ग्याचे भाविक आपापली श्रद्धा घेऊन येतात, आणि यात्रेच्या दिवशी त्या गर्दीत मुले हमखास चुकतात. मग ध्वनिक्षेपकावरून पुकारा होतो : अमुक नावाचा, अमुक गावचा, अमक्या रंगाचा सदरा घातलेला मुलगा सापडला आहे. आई धावत येते आणि मूल मिळते. पण या सुखान्त गोष्टीत एक बारीक अडचण दडलेली आहे. नाव पुकारल्यावाचून मूल सापडत नाही, आणि नाव पुकारले की ते साऱ्या यात्रेला ऐकू जाते. चुकलेल्या मुलाच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. पण जी गोष्ट शोधायची तीच गुप्त ठेवण्यासारखी असली तर काय करावे? नाव न पुकारता माणूस कसा शोधावा? आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. संगणकाच्या नोंदवहीत जे रकाने कुलूपबंद करून ठेवलेले असतात, त्यांत शोध कसा घेतात, त्याला वेळ का लागतो, आणि तो वेळ वाचवताना आपण नकळत काय गमावतो, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे.

विषय परका वाटेल म्हणून उदाहरण घरचे घेऊ. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे नाव सर्वांना ठाऊक आहे. हा आजार जन्मतः येतो, संसर्गाने नव्हे. आईबाप या दोघांकडूनही दोषयुक्त जनुक आले तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते मूल केवळ वाहक असते आणि बहुधा ठणठणीत जगते. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्याच्या वेळी ते रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून तपासणीला महत्त्व. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला आणि शून्य ते चाळीस वयाच्या 7 कोटी लोकांची तपासणी करण्याचे लक्ष्य ठेवण्यात आले. तपासणी म्हटली की नोंद आली, आणि नोंद म्हटली की प्रश्न आला : ती कोणी पाहावी?

मध्यरात्री असह्य वेदनांनी तळमळणारे मूल रुग्णालयात आणले, तर डॉक्टरला त्याची जुनी नोंद तत्काळ हवी. पण तीच नोंद गावातील सोयरीक जुळविणाऱ्या किंवा मोडणाऱ्या मंडळींच्या हाती पडली, तर निरोगी वाहक मुलीचेही लग्न अडते. एकाच कागदाने एका घरी जीव वाचतो आणि दुसऱ्या घरी संसार मोडतो. नोंद उघडी ठेवावी तर अब्रू जाते, बंद ठेवावी तर वेळ जातो. हा पेच केवळ यंत्राचा नाही, म्हणूनच तो नागरिकांच्या सभेत मांडावासा वाटला.

आता शोध म्हणजे काय ते पाहू. आपल्यापैकी ज्यांनी घर वा जमीन घेतली आहे त्यांना दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील ‘इंडेक्स दोन’ ठाऊक आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याने या सूच्या घालून दिल्या. पहिली सूची माणसांच्या नावांची, दुसरी मिळकतींची. मूळ दस्तांचे गठ्ठे मोठे असतात, पण शोध गठ्ठ्यांत घेत नाहीत. आधी सूची पाहतात, सूचीवरून दस्ताचा क्रमांक कळतो, आणि मग नेमका तेवढाच दस्त काढतात. संगणकही तंतोतंत हेच करतो. 2011 च्या जनगणनेत गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 13 लाख 22 हजार होती. समजा, जिल्ह्यातील प्रत्येक माणसाची एक ओळ अशी नोंदवही आहे. सूची नसेल तर एक नाव शोधण्यास पहिल्या ओळीपासून वाचत जावे लागेल. सूची क्रमाने लावलेली असेल तर मधोमध उघडायचे, हवे ते नाव अलीकडे की पलीकडे ते पाहायचे, आणि अर्धा भाग सोडून द्यायचा. अशा रीतीने अर्धे अर्धे करीत गेल्यास 13 लाखांतून हवी ती ओळ फार तर 21 तुलनांत सापडते.

प्रत्यक्षात संगणक याहून सरस युक्ती वापरतात. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी 1970 च्या सुमारास ‘बी-ट्री’ नावाची सूची मांडली. तिच्या एकेका पानावर शेकडो नोंदी मावतात. पानावर 200 नोंदी धरल्या तर तीन पाने उलटून 80 लाख ओळींपर्यंत पोचता येते. म्हणजे गोंदिया जिल्ह्याला तीन पाने पुष्कळ झाली. सूचीचे सारे सामर्थ्य मात्र एका गोष्टीवर उभे आहे : नोंदी क्रमाने लावता आल्या पाहिजेत, आणि दोन नोंदी सारख्या की वेगळ्या हे पाहता आले पाहिजे. कुलूप लावताच नेमकी हीच गोष्ट हातची जाते.

कुलुपे दोन जातींची असतात, आणि पहिल्या जातीचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ऋद्धपूरच्या परंपरेतील हे मराठी वाङ्मय त्यामुळे कित्येक शतके बाहेरच्या वाचकांस अपरिचित राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात ती किल्ली संशोधकांच्या हाती आली तेव्हा मराठीचा एक मोठा ठेवा उघडा झाला. अशा लिपीचे तत्त्व असे की एका अक्षराऐवजी ठरलेले दुसरे चिन्ह लिहायचे. अमुक अक्षरास नेहमी अमुकच चिन्ह. अशा लेखात शोध घेणे सोपे असते. हवा तो शब्द त्याच लिपीत लिहून काढायचा आणि तसाच आकार कोठे आहे ते पाहायचे. मूळ ग्रंथ उलगडण्याचे कारणच नाही. पण हाच या कुलुपाचा दोषही आहे. कोणत्याही भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. पुरेसा मजकूर हाती असला तर चिन्हांची मोजदाद करून चिकाटीच्या माणसाला किल्लीवाचूनही अर्थ लावता येतो. ही मोजदादीची युक्ती नवव्या शतकात अरब पंडित अल-किंदी याने लिहून ठेवली आहे.

दुसऱ्या जातीचे कुलूप असे की एकच शब्द दहा वेळा बंद केला तर दहा वेगवेगळी रूपे दिसतात. प्रत्येक वेळी यंत्र मूळ शब्दाबरोबर एक नवी, अनपेक्षित संख्या मिसळते, आणि मग कूटलेखन करते. अमेरिकेने 2001 साली प्रमाण म्हणून स्वीकारलेली ‘एईएस’ ही पद्धत आज जगभर वापरली जाते, आणि ती योग्य रीतीने वापरायची तर अशी संख्या मिसळावी लागते. या कुलुपापुढे मोजदाद व्यर्थ आहे. पण सूचीही व्यर्थ आहे! ज्या दोन नोंदी मुळात एकच आहेत त्या वेगळ्या दिसतात, आणि क्रम तर मुळीच उरत नाही. या रकान्यात एक नाव शोधायचे तर एकच मार्ग राहतो : प्रत्येक ओळ उघडायची, वाचायची आणि पुन्हा मिटायची.

त्याला वेळ किती लागेल? हिशेब साधा आहे. एक ओळ उघडण्यास सेकंदाचा हजारावा भाग लागला असे धरू. 13 लाख 22 हजार ओळींना 1322 सेकंद, म्हणजे 22 मिनिटे झाली. जेथे प्रत्येक ओळीसाठी परवलीच्या शब्दापासून किल्ली नव्याने घडविली जाते, तेथे असा वेळ सहज लागतो. किल्ली एकदाच घडवून हाताशी ठेवली आणि ओळीमागे सेकंदाचा पाच लाखावा भाग लागला, तर तेच काम अडीच-पावणेतीन सेकंदांत उरकते. म्हणून कोणाची नोंदवही मंद चालत असेल तर आधी हे पाहावे की वेळ कुलूप उघडण्यात जातो की किल्ली घडविण्यात. पुष्कळदा दोष किल्ली घडविण्यात सापडतो. तथापि अडीच सेकंदही दिसतात तितके लहान नाहीत. एकाच वेळी पन्नास दवाखान्यांतून प्रश्न आले की रांग लागते. शिवाय किल्ली दवाखान्यातील यंत्रावर आणि नोंदवही दूरच्या शहरात असेल, तर सगळ्या ओळी तारेवरून आणाव्या लागतील. ओळीमागे 200 बाइट धरले तरी एका प्रश्नासाठी 26 कोटी बाइटांची वाहतूक होईल. वेदनेने रडणारे मूल तेवढी वाट पाहू शकत नाही.

येथे कोणी म्हणेल की सबंध कपाटालाच कुलूप लावा, आतल्या वह्या उघड्या राहू द्या. अशी सोय उपलब्ध आहे आणि तिने शोध फारसा मंदावत नाही. पण कपाटाचे कुलूप कपाट चोरणाऱ्यापासूनच राखते. कचेरीच्या वेळात कपाट उघडेच असते, आणि गुपिते बहुधा कचेरीच्या वेळातच फुटतात.

मग मध्यम मार्ग कोणता? पुष्कळांना प्रथम सुचते ती युक्ती अशी : मूळ क्रमांक कुलुपात ठेवावा आणि शेजारी त्याचा ‘ठसा’ ठेवावा. गणिताच्या ठरावीक रीतीने कोणत्याही मजकुराचा असा ठसा काढता येतो की मजकुरावरून ठसा क्षणात मिळावा, पण ठशावरून मजकूर मागे काढता येऊ नये. ठसे एकासारखे एक असल्याने त्यांची सूची लागते आणि शोध पुन्हा तीन पानांत होतो. युक्ती चांगली आहे, पण अपुरी आहे; आणि का अपुरी, हे आपल्याच राज्यातील एका गोष्टीवरून कळेल.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. हा क्रमांक 12 अंकी. पहिला अंक शून्य वा एक नसतो, आणि शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने ठरतो. म्हणजे संभाव्य क्रमांक झाले 8 हजार कोटी. माणसाला ही संख्या अफाट वाटते, यंत्राला वाटत नाही. चोराने ठशावरून क्रमांक मागे काढण्याच्या भरीस पडूच नये. त्याने सारे 8 हजार कोटी क्रमांक ओळीने घ्यावेत, प्रत्येकाचा ठसा काढावा आणि जुळवून पाहावा. सेकंदाला 100 कोटी ठसे धरले तरी काम 80 सेकंदांत आटोपते, आणि आजची चित्रप्रक्रियेची यंत्रे यापेक्षाही वेगवान आहेत. दहा अंकी दूरध्वनी क्रमांकाची तर गोष्टच नको. नुसता ठसा हे कुलूप नव्हे. तो पडदा आहे, आणि तोही विरविरीत. प्राधिकरणाने जुलै 2017 मध्ये आधार क्रमांक साठविणाऱ्या संस्थांना ते क्रमांक एका वेगळ्या कूटबद्ध कोठारात ठेवण्यास आणि इतरत्र त्यांच्याऐवजी केवळ संदर्भ-क्रमांक वापरण्यास सांगितले, त्यामागचा विचार यावरून ध्यानात येईल.

ठशाची उणीव भरून काढण्यासाठी त्यात एक गुप्त किल्ली मिसळतात. याला आपण ‘मुद्रा’ म्हणू. जुन्या कारभारात पत्रावर मुद्रा उमटविण्याचा अधिकार ज्याच्या हाती तोच ती उमटवू शके, त्याप्रमाणे ही मुद्रा किल्ली असल्यावाचून कोणालाही काढता येत नाही. चोराने नोंदवही पळविली तरी 8 हजार कोटी क्रमांकांच्या मुद्रा तो काढू शकत नाही, कारण किल्ली त्याच्याजवळ नाही. मात्र किल्ली त्याच कपाटात ठेवली असेल तर सारे मुसळ केरात! अधिकृत दवाखाना प्रश्न विचारताना क्रमांकाची मुद्रा काढतो, मुद्रेच्या सूचीत ती शोधतो, आणि मिळालेली एकच ओळ उघडतो. यात्रेत मुलाचे नाव न पुकारता, केवळ आईला ठाऊक असलेली खूण पुकारावी, तसा हा प्रकार आहे. जाणकार तिला ‘आंधळी सूची’ म्हणतात, कारण सूची ठेवणाऱ्यालाही ती वाचता येत नाही.

मुद्रेची एक सवय ध्यानात ठेवावी. ती अतिशय कडक आहे. एक मात्रा बदलली की मुद्रा संपूर्ण बदलते. एका कारकुनाने ‘उईके’ लिहिले, दुसऱ्याने ‘उइके’, तिसऱ्याने ‘उयके’, तर आपण त्या तिघांना एकच आडनाव समजू, पण मुद्रेच्या लेखी ती तीन आडनावे आहेत. म्हणून मुद्रा उमटविण्यापूर्वी लेखन एकसारखे करून घ्यावे लागते : अंक एकाच लिपीत, मोकळ्या जागा काढलेल्या, ऱ्हस्वदीर्घाचे नियम ठरलेले. नावाच्या अर्ध्या भागावरून शोध हवा असेल, तर तेवढ्या भागाची वेगळी मुद्रा आधीच काढून ठेवावी लागते. कुलूप लावल्यावर कोणते प्रश्न विचारता येतील, हे कुलूप लावण्यापूर्वीच ठरवावे लागते.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मुद्रा कितीही गुप्त असली तरी सारखेपणा ती लपवीत नाही. सकळ लिपीचा दोष तिलाही आहेच. आता ‘निरोगी, वाहक, रुग्ण’ हा रकाना घ्या. येथे उत्तरेच तीन. त्यांच्या मुद्राही तीनच. गावातील तीनशे ओळींत एक मुद्रा पुष्कळ वेळा, दुसरी थोडी आणि तिसरी क्वचित आली, तर किल्ली कशाला हवी? शाळेतील मुलगाही ओळखील. आणखी वाईट असे की, ज्या कोणाला स्वतःचे उत्तर ठाऊक आहे तो आपल्या ओळीची मुद्रा पाहून साऱ्या गावातील आपल्यासारख्यांची उत्तरे एका क्षणात काढील. क्रमांकाचा रकाना आणि आजाराचा रकाना यांत हा भेद आहे. क्रमांक प्रत्येकाचा वेगळा, म्हणून त्याची मुद्रा फारसे काही सांगत नाही. आजाराच्या रकान्याची मुद्रा सारे सांगून टाकते. त्या रकान्यावर सूची ठेवूच नये. आधी क्रमांकावरून माणूस शोधावा, मग त्या एकाच ओळीचा आजार उघडून पाहावा. वेळेचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

नावाचा रकाना या दोहोंच्या मध्ये येतो. एकच आडनाव अनेकांचे असते. तेथे मुद्रा मुद्दाम आखूड ठेवण्याची रीत आहे. ठरीव 65,536 कप्पे करून संपूर्ण नावे त्यांत विखुरली, तर 13 लाख 22 हजार ओळींत एकेका कप्प्यात सरासरीने 20 ओळी येतात. शोधताना कप्पा मिळतो, त्यातील वीसेक ओळी उघडायच्या आणि हवी ती निवडायची. वीस ओळी उघडण्यास लागणारा वेळ जाणवतही नाही, आणि एका कप्प्यात अनेक भिन्न नावे मिसळल्याने बाहेरच्याला नक्की काही सांगता येत नाही. कप्पे वाढवावे तर शोध जलद होतो पण गुपित उघडे पडत जाते. कप्पे कमी करावे तर गुपित राहते पण शोध रेंगाळतो. पागोटे तेवढेच आहे; एका बाजूने ओढले की दुसऱ्या बाजूने डोके उघडे पडते.

वयाचा प्रश्न निराळा. ‘1985 ते 1995 या काळात जन्मलेले’ असा शोध मुद्रेने होत नाही, कारण मुद्रेत लहानमोठेपणा उरत नाही. आयबीएमच्या संशोधकांनी 2004 साली क्रम राखणारे कूटलेखन सुचविले, ज्यात मूळ संख्यांचा क्रम कुलुपातही टिकतो. एमआयटीतील संशोधकांनी 2011 साली ‘क्रिप्टडीबी’ या रचनेत अशा निरनिराळ्या कुलुपांचे थर एकत्र करून नेहमीच्या नोंदवहीस जोडून दाखविले, तेव्हा प्रश्न सुटला असे अनेकांस वाटले. पण 2015 साली दुसऱ्या संशोधकांनी रुग्णालयांच्या खऱ्या नोंदी घेऊन, केवळ उघड उपलब्ध असलेल्या आकडेवारीशी तुलना करून, सारखेपणा व क्रम राखणारे अनेक रकाने किल्लीवाचून उलगडून दाखविले. अल-किंदीची मोजदादच ती, अकराशे वर्षांनंतर! कुलूप न उघडता आतल्या आत गणित करता यावे अशी पूर्ण रीत क्रेग जेंट्री यांनी 2009 मध्ये प्रथम दाखविली. ती तत्त्वतः अद्भुत आहे आणि दरवर्षी सुधारते आहे. परंतु दवाखान्याच्या नित्य व्यवहारातील अशा शोधाला ती अद्याप जड पडते.

तोवर साधा शहाणपणा पुष्कळ काम करतो. गावाचे नाव गुप्त नसेल तर तो रकाना उघडा ठेवून त्याची सूची करावी. प्रतापगडसारख्या एका गावातील वाहक मोजायचे असतील, तर आधी गावावरून काही शे वा हजार ओळी निवडाव्या आणि तेवढ्याच उघडाव्या. जिल्ह्याचे एकूण आकडे हवे असतील तर ते रात्री एकदा काढून ठेवावे; नियोजनाला नावे लागत नाहीत.

आता कायद्याविषयी दोन शब्द. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा 2023 साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. त्या नियमांत माहिती राखण्याच्या उपायांत कूटलेखनाचा नावाने उल्लेख आहे. पण कायदा कुलूप लावा म्हणतो. किल्ली कोठे ठेवावी आणि सूची कशाची करावी, हे शेवटी माणसांनाच ठरवावे लागते.

या सर्व विवेचनात आम्ही वेगाची बाजू पुष्कळ घेतली, म्हणून शेवटी मंदपणाची थोडी बाजू घेतो. ‘या मुलाला काय आजार आहे?’ हा प्रश्न आई विचारते, डॉक्टर विचारतो. त्याचे उत्तर पापणी लवण्याच्या आत मिळाले पाहिजे. ‘जिल्ह्यातील साऱ्या वाहकांची नावे काढा’ हा प्रश्न आई कधीच विचारीत नाही. तो विचारणाऱ्यास क्वचित योग्य कारण असेल. असेल तर त्याने रीतसर अनुज्ञा घ्यावी आणि 22 मिनिटे थांबावे. तेवढ्यात कोणाचे प्राण जात नाहीत, उलट कोणाची तरी अब्रू राहते. चांगल्या नोंदवहीची पारख आम्ही अशी करू : ती कोणत्या प्रश्नाला चटकन उत्तर देते, आणि कोणत्या प्रश्नाला मुद्दाम उशीर करते.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी कोणत्याही शिबिरात वा कचेरीत तुमचे नाव, क्रमांक आणि आजार यंत्रात लिहून घेतले जातील, तेव्हा दोन प्रश्न नम्रपणे विचारा. हे कुलुपात राहील काय? आणि किल्ली कोणाजवळ? समोरच्या कारकुनास उत्तर ठाऊक नसेल, त्यात त्याचा दोष नाही. पण दहा जणांनी विचारले की तो वरिष्ठांस विचारील, आणि वरिष्ठांना उत्तर शोधावे लागेल. यात्रेतले मूल आईला मिळावे आणि त्याचे नाव साऱ्या यात्रेत न व्हावे, ही इच्छा वेडगळ नाही. ती पुरी करण्याची विद्या आज उपलब्ध आहे. मागणारे मात्र आपण असले पाहिजे.